रक्ताचे रिपोर्ट चांगले, तरी मनगटाची सूज का उतरत नाही? (सांध्याच्या अस्तरातील पेशींविषयी)

शिवार_वाळवा
माझ्या आईला रूमेटॉइड संधिवात असून सांगलीत उपचार चालू आहेत. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे या आजाराचे औषध आणि सोबत फॉलिक ॲसिड ती न चुकता घेते. ईएसआर आणि सीआरपी या दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या आता मर्यादेत आहेत. तरीही उजव्या मनगटावरची मऊ सूज कायम आहे, मूठ आवळली की बोटांच्या मुळांशी दिसणाऱ्या खळग्या बुजलेल्या दिसतात आणि नव्या एक्स-रेमध्ये हाडाची कड कुरतडल्यासारखी आढळली. डॉक्टर म्हणाले, अस्तर जाड झाले आहे. बाहेर गर्दी असल्याने पुढचे विचारायचे राहून गेले. हे अस्तर नुसतेच सुजते, की नुकसानही तेच करते?

मिरजेचा_अध्यापक
नुकसानात त्याचा मोठा वाटा असतो, आणि ही गोष्ट रुग्णांपर्यंत फारशी पोहोचत नाही, याचे मला वाईट वाटते.

निरोगी सांध्यात सायनोव्हियम या अस्तराचा सर्वांत आतला थर अवघा एक ते तीन पेशींचा असतो. त्यातील मॅक्रोफेज पेशी टाकाऊ पदार्थ उचलतात, तर फायब्रोब्लास्ट पेशी हायल्युरॉनिक ॲसिड आणि ल्युब्रिसिन तयार करून सांध्याला वंगण पुरवतात. आजारात टीएनएफसारख्या दाहक रसायनांच्या सततच्या माऱ्याने हा थर दहा किंवा अधिक पेशींइतका जाड होतो आणि पॅनसच्या (सुजून वाढलेल्या अस्तराच्या) रूपाने हाडांच्या टोकांवरील कूर्चेवर चढत जातो. वंगण देणारी हीच फायब्रोब्लास्ट पेशी मग इंटरल्युकिन-6 सोडून दाह वाढवते, कूर्चा विरघळवणारी विकरे (एन्झाइम) स्रवते आणि रँकएल या संकेताने हाड पोखरणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी घडवून आणते.

ही फायब्रोब्लास्ट पेशी केवळ प्रतिकारशक्तीच्या हुकमाची ताबेदार नाही, हे 1996 मध्ये दिसले. रुग्णांच्या फायब्रोब्लास्ट पेशी मानवी कूर्चेसोबत प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत बसवल्या, तेव्हाही त्या कूर्चेत घुसल्या. 2019 मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून कामाची विभागणीही उलगडली: अस्तराच्या सर्वांत आतल्या थरातील फायब्रोब्लास्ट मुख्यतः हाड व कूर्चा नष्ट करतात, तर त्याखालच्या थरातील फायब्रोब्लास्ट दाह पेटता ठेवतात.

कराडची_वाचक
मी स्वतः या आजाराची रुग्ण आहे. सीआरपी यकृतात तयार होते आणि ते संपूर्ण शरीरातील दाहाचा अंदाज देते. एखाद्या मनगटात अस्तर धुमसत असले, तरी तो आकडा मर्यादेत राहू शकतो. म्हणून पॉवर डॉप्लरसह सांध्याची सोनोग्राफी करावी का, हे आपण डॉक्टरांना अवश्य विचारा; अस्तराची जाडी आणि त्यातील वाढलेला रक्तप्रवाह तिच्यात दिसतो. ऊस तोडला तरी बुडख्यातून खोडवा फुटतो, तशी या पेशींची गत आहे: त्यांच्या डीएनएवरील रासायनिक खुणा बदललेल्या असतात आणि दाह दबल्यावरही त्यांचा आक्रमकपणा टिकू शकतो. मात्र, केवळ या पेशींना लक्ष्य करणारे औषध अजून नेहमीच्या वापरात नाही. त्यामुळे मेथोट्रेक्सेट मनाने बंद करू नका. ते पुरेसे पडत नसेल, तर टीएनएफरोधक, टोसिलिझुमॅब किंवा टोफासिटिनिब अशा औषधांची पुढची पायरी डॉक्टर ठरवतात.

शिवार_वाळवा
आपणा दोघांचे मनापासून आभार. पुढच्या भेटीत सोनोग्राफीचे विचारतोच. एक शंका राहते: या पेशी उजव्या मनगटातून डाव्या मनगटात जाऊ शकतात का?

मिरजेचा_अध्यापक
उंदरांत तसे घडलेले आहे. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका बाजूला बसवलेल्या रुग्णांच्या फायब्रोब्लास्ट पेशी रक्तावाटे दुसऱ्या बाजूच्या कूर्चेपर्यंत पोहोचल्या. परंतु माणसात दोन्ही हातांचे सांधे दुखावतात, त्यामागे संपूर्ण शरीरात फिरणाऱ्या प्रतिकारपेशी आणि प्रतिपिंडेही असतात; तेव्हा आईंनी उजवा हात वापरल्याने आजार डावीकडे जाईल, अशी भीती बाळगू नये. सूज असलेल्या मनगटावर भरलेली घागर पेलण्याचा भार टाकू नये आणि बोटांचे हलके व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत.