मदत हवी आहे : ग्लूटेनमुक्त भाज्यांच्या नूडल्स कढईत परतताना तुटतात

रोवळी

घरात आठ वर्षांच्या मुलीला सीलिअ‍ॅक (गव्हा-बार्लीतलं ग्लूटेन हे प्रथिन न चालण्याचा आजार) आहे. गहू, रवा, मैदा, बार्ली पूर्ण बंद. शाळेच्या डब्यात देता येतील अशा हाका पद्धतीच्या नूडल्स हव्या आहेत. भाजी नूडल्सच्या पिठातच असावी (पालक, गाजर, बीट), कारण वरून घातलेली भाजी डब्यातून तशीच परत येते.

सध्याचं प्रमाण : तांदळाची पिठी २०० ग्रॅम, पालकाची प्युरी १०० मिली, उकळतं पाणी १०० मिली, मीठ, १ चमचा तेल. मळून सोऱ्याच्या बारीक शेवेच्या जाळीतून पाडायचं आणि १० मिनिटं वाफवायचं. वाफवून निघतात तेव्हा छान दिसतात, पण कढईत परतायला घेतल्या की बोटभर लांबीचे तुकडे होतात. पालकाच्या रेषांनी जाळीही बुजते.

झँथन गम (पीठ बांधून ठेवणारी पूड) घातला तर फरक पडेल का? पिठी गिरणीतून दळून आणली तर चालेल का? आणि एकदाच जास्त करून आठवडाभर ठेवता येतील का? आम्ही अंधेरीला राहतो, त्यामुळे सामान मुंबईत कुठे मिळेल तेही सांगा.

---

खलबत्ता

रोवळीताई, गमचा विचार नंतर करा. तुमच्या कृतीत पीठ शिजतच नाहीये.

गव्हाच्या पिठात ग्लूटेन धागा धरून ठेवतं. तांदळात ते काम शिजलेल्या स्टार्चला करावं लागतं. तांदळाचा स्टार्च साधारण ६५ ते ८० अंश सेल्सिअसला फुगून चिकट होतो. तुम्ही १०० मिली उकळतं पाणी घेता, पण त्यात १०० मिली गार प्युरी आणि २०० ग्रॅम गार पिठी जाते. सगळं मिळून तापमान ५५ अंशांच्या आसपास येतं. म्हणजे उकड होतच नाही, फक्त ओलं पीठ तयार होतं. ते जाळीतून पाडलं की कण नुसते एकमेकांना टेकलेले असतात. वाफवल्यावर वरून शिजतात, पण आत पाणी अपुरं असल्यामुळे धागा एकसंध होत नाही. २०० ग्रॅमला एकूण २०० मिली हे प्रमाणच कमी आहे, ३०० मिली लागतं.

आपल्याकडे कोकणात शिरवाळे (तांदळाच्या उकडीच्या शेवया) करतात, तीच पद्धत इथे बरोबर लागू पडते : आधी शिजवायचं, मग पाडायचं.

तांदळाची पिठी १७० ग्रॅम, टॅपिओका स्टार्च (साबुदाणा ज्याचा करतात ते कंदाचं सत्त्व) ३० ग्रॅम, गाळलेली प्युरी १०० मिली, पाणी २०० मिली, मीठ पाऊण चमचा, तेल २ चमचे. प्युरी आणि पाणी *एकत्र* खळखळून उकळा, त्यात मीठ-तेल घाला, मग पिठी आणि स्टार्च एकदम घालून उलथन्याच्या दांड्याने ढवळा. झाकण ठेवून अगदी मंद आचेवर ३ मिनिटं, मग गॅस बंद करून आणखी ५ मिनिटं तसंच. परातीत काढून गरम असतानाच वाटीच्या बुडाने आणि नंतर ओल्या हाताने ५–६ मिनिटं मळा. मोदकाच्या उकडीइतकं मऊ हवं. चिरा पडत असतील तर चमचा-चमचा गरम पाणी वाढवा. पावसाळ्यात पिठी आधीच दमट असते, तेव्हा पाणी २० मिलीने कमी घेऊन सुरुवात करा.

आता मुख्य काम. लिंबापेक्षा थोडे मोठे मुटके करा आणि प्रत्येकाच्या मधोमध अंगठ्याने खोल खळगा पाडा, म्हणजे गाभ्यापर्यंत उष्णता पोचते. साधी पिठी असेल तर भरपूर उकळत्या पाण्यात १५ मिनिटं. पालक किंवा बीट असेल तर पाण्यात रंग उतरतो, म्हणून चाळणीवर २० मिनिटं वाफवा. मुटका पाण्यावर तरंगला म्हणजे शिजला, असं समजू नका. एक मुटका सुरीने कापून उजेडात बघा. शिजलेला भाग किंचित पारदर्शक, ओलसर आणि चकचकीत दिसतो. मध्ये खडूसारखा पांढरट, कोरडा ठिपका असेल तर अजून ५ मिनिटं. तो ठिपका राहिलेला मुटका सोऱ्यात घातला, तर धागा बरोबर त्या जागी तुटणार.

शिजलेले मुटके पुन्हा एकदा मळून गोळा एकजीव करा आणि गरम असतानाच पाडा. गार झालं की सोऱ्या फिरत नाही. दाबाच्या सोऱ्यापेक्षा फिरकीचा पितळी सोऱ्या बरा, हाताला कमी त्रास. एका वेळी एकच गोळा बाहेर, बाकीचे वाफेतच झाकून. जाळी बारीक शेवेची नको, साधारण २ ते ३ मिलिमीटर भोकांची घ्या. पाडताना सोऱ्या गोल फिरवत एकावर एक थर देऊ नका, तेल लावलेल्या ताटलीवर सैल वेटोळी पाडा.

पाडून झाल्यावर ४ मिनिटं वाफ. मग लगेच परतायच्या नाहीत! पंख्याखाली उघड्या तासभर गार होऊ द्या. गार होताना स्टार्च घट्ट बसतो आणि मगच धाग्याला चिवटपणा येतो. तयार झाली की नाही हे बघायला एक धागा बोटाभोवती गुंडाळा. न चिरता वळला तर कढईत टिकेल.

---

मोजूनमापून

खलबत्ता यांच्याशी सहमत. फक्त गमबद्दल थोडी भर. २०० ग्रॅम पिठीला झँथन गम पाव चमचा पुरे. त्याच्या वर गेलात तर नूडल्स बुळबुळीत लागतात. त्यापेक्षा इसबगोलाची भुशी १ सपाट चमचा, उकळायच्या आधी प्युरीत भिजवून ५ मिनिटं ठेवायची. ती पाणी ओढते, म्हणून २५ मिली पाणी जास्त. पण यातलं काहीही कच्च्या उकडीला वाचवू शकत नाही.

जाळी बुजण्याबद्दल : पालकाचे देठ पूर्ण काढा, पानं उकळत्या पाण्यात १ मिनिट, लगेच गार पाण्यात, मग वाटून *बारीक* चाळणीतून दाबून गाळा. गाजर किसून वाफवून वाटलं तर रेषा राहत नाहीत. बीट १०० ग्रॅम नको, ६० पुरे, नाहीतर मातकट चव येते. बिटाच्या उकळत्या पाण्यात अर्धा चमचा लिंबाचा रस घातला तर गुलाबी रंग टिकतो. पालकाला मात्र लिंबू अजिबात नको, रंग शेवाळी होतो. भोपळ्याची प्युरी सगळ्यात सोपी : रेषा नाहीत, रंग पक्का, गोडसर चव. मुलांना आवडते.

तांदूळ कुठला हेही महत्त्वाचं. इंद्रायणी आणि आंबेमोहोर चिकट, नूडल्सचा गोळा होतो. जुना कोलम चांगला. नाचणी किंवा ज्वारीचं पीठ घालायचं असेल तर एकूण पिठाच्या चौथ्या हिश्श्यापर्यंतच, पुढे धागा ठिसूळ होतो.

---

लेबलवाचक

गिरणी नको, ताई. वस्तीतल्या गिरणीत दिवसभर गहू दळला जातो. जात्याच्या दगडात आणि पिठाच्या नळीत गव्हाचं पीठ उरतंच. "आधी थोडे तांदूळ दळून टाकून द्या" हा उपाय साध्या पथ्याला ठीक, सीलिअ‍ॅकला नाही. पाकीटबंद पिठी घ्यायची तर ग्लूटेनमुक्त असं छापलेलीच घ्या. एफएसएसएआयच्या (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमानुसार त्यासाठी ग्लूटेन किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत असावं लागतं.

स्वयंपाकघरातल्या या जागाही तपासा :
– सोऱ्या आणि जाळ्या वेगळ्या ठेवा. चकलीच्या भाजणीत काही घरांत गहू असतो आणि जाळीच्या भोकांत वाळलेलं पीठ बसून राहतं. लाकडी सोऱ्या तर धुऊन स्वच्छ होत नाही.
– चाळणी आणि लाकडी उलथनं वेगळं.
– त्या वेळी ओट्यावर पोळ्यांची कणीक मळू नका, पीठ उडतं.
– सोया सॉस! बहुतेक सोया सॉसमध्ये गहू असतो. तयार शेजवान चटणीतही तोच सॉस असतो. ग्लूटेनमुक्त लिहिलेला तामारी (सहसा गव्हाशिवाय केलेला जपानी सोया सॉस) घ्या.
– बांधणीच्या हिंगात गव्हाचं पीठ असू शकतं. हाका नूडल्समध्ये हिंग लागत नाही, पण घरातल्या इतर भाज्या-आमट्यांसाठी लक्षात असू द्या.
– मिलेट नूडल्स म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पाकिटांत मैदा किंवा गव्हाचं पीठ असतं. पुढचं चित्र न बघता मागची घटकांची यादी वाचा.

---

माटुंगा_स्लो

पिठीच टाळायची असेल तर तमिळ घरांतली सेवई करा. दळणाचा प्रश्नच येत नाही, सगळं घरच्या मिक्सरमध्ये.

इडलीचा उकडा तांदूळ २५० ग्रॅम. निवडून घ्या (गव्हाचा दाणा एखादा असू शकतो), चार-पाच पाण्यांनी धुवा, ४ ते ५ तास भिजवा. पाणी निथळून, उकळून पिळलेला पालक १०० ग्रॅम आणि लागेल तसं १७५ ते २०० मिली गार पाणी घालून अगदी गंध वाटा. मिक्सर थांबून-थांबून चालवा, भांडं तापू देऊ नका. दोन बोटांत चोळून कण लागला तर अजून वाटा. १ सपाट चमचा मीठ, १ चमचा तेल. आंबवायचं नाही. इडलीच्या साच्यात १५ मिनिटं वाफवा आणि एकेक इडली *कढत असतानाच* सोऱ्यात घालून दाबा. दोन माणसं असली तर बरं, एक काढायला, एक दाबायला.

पानं तांदळाबरोबरच वाटली जातात, त्यामुळे रेषा जवळजवळ राहत नाहीत, आणि १५ मिनिटांची एकच मोठी वाफ असल्यामुळे हिरवा रंगही जास्त चांगला राहतो. उकड्या तांदळाचा धागा साध्या तांदळापेक्षा घट्ट असतो. माझ्या मते परतायच्या नूडल्सना हीच पद्धत सरस.

इडली तांदूळ आणि सेवईचा स्टीलचा सोऱ्या दोन्ही माटुंग्याला स्टेशनच्या पूर्वेला, दाक्षिणात्य किराणा-भांड्यांच्या दुकानांत मिळतात. तीन पायांचा, वरून दांडा फिरवायचा सोऱ्या मागा. कढत इडलीला हातातला सोऱ्या जड जातो.

---

रोवळी

खूप आभार! तापमानाचा हिशेब वाचून सगळं स्पष्ट झालं. दोन्ही पद्धतींनी करून बघते. दोन शंका : परतताना नेमका क्रम काय ठेवायचा? आणि सकाळी ७ ला भरलेला डबा ११ ला उघडला जातो, तोवर कडक होतील का?

---

खलबत्ता

क्रम : २५० ग्रॅम तयार नूडल्सना कोबी, गाजर, सिमला मिरची मिळून १५० ग्रॅम, लांब आणि पातळ चिरून. लोखंडी कढई धूर येईपर्यंत तापवा, ४ चमचे तेल, लसूण-आलं प्रत्येकी १ चमचा, अर्ध्या मिनिटात भाज्या. मोठ्या आचेवर २ मिनिटं, झाकण नाही. झाकलं की भाजीला पाणी सुटतं आणि तांदळाच्या नूडल्स ते पिऊन लगदा होतात. २ चमचे तामारी, १ चमचा व्हिनेगर, मिरपूड हे *भाजीवर* घाला, नूडल्सवर थेट नको. मग गार नूडल्स हाताने सुट्या करून घाला आणि चिमट्याने किंवा दोन काट्यांनी खालून वर उचला. उलथन्याने ढवळू नका. एका मिनिटात उतरवा. तामारीत मीठ असतं, वरून मीठ चाखूनच.

---

मोजूनमापून

डब्याबद्दल : चार तासांत थोडा घट्टपणा येतो, टॅपिओकामुळे तो कमी राहतो. उकड्या तांदळाच्या पद्धतीत २५ ग्रॅम साबुदाणा तांदळाबरोबरच भिजवून वाटा, तेच काम होतं. डबा भरताना कढत भरू नका, वाफेचं पाणी तळाशी साचतं. कोमट झाल्यावर भरा.

आदल्या रात्रीच्या नूडल्स ओट्यावर ठेवू नका. शिजलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाचे जिवाणू वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. मुंबईच्या उकाड्यात तर तासाभरात गार करून आत ठेवायलाच हव्यात.

आत म्हणजे फ्रीजरमध्ये. खालच्या कप्प्यात ४–५ अंशांना स्टार्च सगळ्यात लवकर कडक होतो, सकाळी हात लावला की मोडतात. एका डब्यापुरती, म्हणजे १२० ग्रॅमची सैल वेटोळी पिशवीत सपाट भरून गोठवा, तीन आठवडे छान राहतात. वितळवत बसू नका, गोठलेल्याच ५ मिनिटं वाफवा, ताटात पसरून १० मिनिटं पंख्याखाली, मग कढईत. वाळवून ठेवायचा विचार जून ते सप्टेंबर सोडूनच द्या. हवेत इतकी ओल असते की आतला गाभा सुकायच्या आधी वर बुरशी धरते.

---

चिरून_ठेव

कुणी नुसत्या भाजीच्या नूडल्सबद्दल लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. कोवळा दुधी किंवा झुकिनी स्पायरलायझरवर (भाजीचे लांब धागे काढायचं साधन) किंवा दातेरी सालकाढण्याने लांब काढा. दुधीचा मधला भुसभुशीत, बियांचा भाग सोडून द्या. ३०० ग्रॅमला अर्धा चमचा मीठ, १५ मिनिटांनी फडक्यात घट्ट पिळा, मोठ्या आचेवर २ मिनिटं. डब्याला या चालणार नाहीत, पाणी सुटतच राहतं, संध्याकाळी गरम खायला छान. आणि दुधी चिरायच्या आधी कच्ची फोड चाखून बघा. जराही कडू लागली तर थुंकून टाका आणि अख्खा दुधी फेकून द्या. कडू दुधीने गंभीर विषबाधा होते, शिजवून कडूपणा जात नाही.

---

रोवळी

नोंद घेतली. माटुंग्याहून सोऱ्या आणि तांदूळ आणते. पहिल्यांदा भोपळा घालून करते, मग पालक. एक शेवटचं : सोऱ्यात तेल लावायचं की पाणी?

---

माटुंगा_स्लो

नळीला आतून तेल, जाळीला दोन्ही बाजूंनी तेल. पाणी लावलं तर कढत गोळा कडेने घसरून दट्ट्याच्या वर चढतो. आणि काम झाल्याबरोबर जाळी गार पाण्यात टाका. वाळली तर भोकं टाचणीने साफ करत बसावं लागतं.