कोलोरॅडो स्प्रिंग्ज: आईला पाइक्स पीकवर न्यावं का?

कोथरूडकर: जुलैत ताईकडे अमेरिकेत कोलोरॅडो स्प्रिंग्जला चाललोय. सोबत आई, वय ६८. रोज वेताळ टेकडी चढते, गेल्या वर्षी सिंहगडही पायी चढली. पण तिथलं पाइक्स पीक शिखर ४,३०२ मीटर! तिला वर जायचंच आहे, मला धाकधूक वाटते. कुणी गेलंय का?

सहकारनगरची सून: मी सासूबाईंना नेलं होतं. मुळात ते शहरच साधारण १,८४० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंच. उतरल्या उतरल्या शिखराचं तिकीट काढू नका. पहिले तीन-चार दिवस गार्डन ऑफ द गॉड्समध्ये फिरा. लाल दगडांचे उंच सुळके, मधून सोप्या पायवाटा. प्रवेश फुकट, १९०९ मध्ये पर्किन्स कुटुंबानं ही जागा शहराला दिली ती त्याच अटीवर. सासूबाई तिथे तासभर नुसत्या बघत बसल्या होत्या, अजून आठवण काढतात.

शिखरावर जवळच्या मॅनिटू स्प्रिंग्ज गावाहून दातेरी रुळांची गाडी जाते, १८९१ पासूनची. सकाळचीच घ्या, जुलैत दुपारी विजा कडाडतात. स्वेटर, कानटोपी हवीच. वर डोकं दुखलं, मळमळलं तर लगेच खाली या.

पेठेतले काका: आईंना बीपीची गोळी चालू असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. पाणी भरपूर प्यायला लावा.

कोथरूडकर: गोळी आहे, काका. उद्याच नेतो दाखवायला. सहकारनगरच्या ताई, तुमचेही मनापासून आभार. आईला सगळं वाचून दाखवलं. कानटोपी तिनं आत्ताच बॅगेत टाकली.