बाबांचा जुना बँड परत जमलाय, पण पट्टीवरून भांडण चाललंय

फोंडेकर_बेसवाल्याचा:
मंडळी, जरा विचित्र अडचण आहे. आमचे बाबा कॉलेजात असताना बँडमध्ये बेस वाजवायचे, १९७४ ते ७८, पाच जण, दोघे मडगावचे आणि तिघे फोंड्याकडचे. रॉक अँड रोल, म्हणजे तेव्हाच वीस वर्षं जुनी झालेली गाणी, पण लग्नाच्या रिसेप्शनला आणि फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, डान्सला लोकांना तीच लागायची. मग ड्रमवाले काका शिपवर गेले, लीड गिटारवाले आखातात, बाबांना सरकारी नोकरी लागली, संपला विषय. आता पाचही जण परत गोव्यात आहेत, सगळे सत्तरीच्या आगेमागे, आणि सॅक्सवाल्या अंकलच्या धाकट्या मुलीच्या लग्नात डिसेंबरात पाऊण तास वाजवायचं ठरलंय.

दर रविवारी आमच्या गॅरेजमध्ये प्रॅक्टिस असते. पहिले दोन रविवार नुसत्या गप्पा आणि भजी. तिसऱ्या रविवारी खरी गोष्ट बाहेर आली, की गाणारे काका वरच्या ओळीला पोचत नाहीत. मानेच्या शिरा फुगतात, आवाज फाटतो, आणि मग ते खोकला आल्यासारखं करून पाण्याची बाटली शोधायला लागतात. बाबा म्हणाले पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सूर, उतरवूया, तर लीडवाले काका भडकले, की गाणं ई मध्येच आहे, खालची मोकळी तार घुमली नाही तर ते गाणं राहतच नाही, डी मध्ये वाजवायचं असेल तर दुसरा गिटारवाला बघा. तेव्हापासून गाणारे काका आणि लीडवाले काका एकमेकांना फोन करत नाहीत, दोघेही बाबांना करतात.

कोणीतरी सुचवलं की माझा चुलतभाऊ चांगला गातो, त्याला उभा करा. बाबा म्हणाले मग आम्ही कशाला, मोबाईलवर गाणी लावा. यातून मार्ग काय? मला स्वतःला संगीतातलं शून्य कळतं.

पर्वरीचा_पाहुणा:
कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावा की गिटारला, पंधरा सेकंदांचं काम.

काळी_दोन:
कॅपोने पट्टी वर जाते हो, खाली नाही. इथे नेमकं उलटं पाहिजे.

मी गिटार वाजवत नाही, भजनात पेटीवर असतो, पण हे भांडण मला रोजचं आहे. ई म्हणजे आपली पांढरी तीन, पेटीवरची तिसरी पांढरी पट्टी; काळी एक, काळी दोन तशाच काळ्या पट्ट्या. आता विचार करा, आमच्याकडे काळी एकच्या वर पुरुष गायक क्वचितच जातो आणि हे सत्तरीचे गृहस्थ पांढरी तीनमध्ये ओरडतायत (चाल कुठून कुठे जाते त्यावरही आहे म्हणा, नुसत्या षड्जावर, म्हणजे सा वर, नाही). आमचे बुवा तरुणपणी पांढरी दोनला गायचे, पुढे काळी एक, आता पांढरी एकवर आलेत, आणि कोणी काही बोलत नाही कारण भजनात पट्टी गायकाची असते, पेटीवाल्याने निमूट सरकायचं. वास्कोला दामोदराच्या सप्ताहात चोवीस तास अखंड भजन चालतं, बाऱ्या बदलतात, बुवा बदलला की पट्टी बदलते, कोणाला अपमान वाटत नाही. तुमच्याकडे उलटं झालंय, पट्टी गिटारच्या तारेची आहे आणि गळ्याने तिच्यामागून धावायचं.

आधी एक करा. वाद्यं बंद. मोबाईलवर तंबोऱ्याचं अॅप लावून काकांना तीच वरची ओळ पाच वेळा लागोपाठ म्हणायला सांगा, काळी दोन, पांढरी दोन, काळी एक असं उतरत. पाचव्या वेळीही जिथे शीर फुगत नाही ती त्यांची पट्टी. आणि हे संध्याकाळी करा, सकाळी गळा उठलेला नसतो.

सोल्डरवाला_म्हापसा:
काळी_दोन दादांनी बरोबर सांगितलं, फक्त लीडवाले काकाही चुकीचे नाहीत. त्या गाण्यांचा निम्मा जीव मोकळ्या सहाव्या तारेत आहे. ई सोडून डी मध्ये वाजवलंत तर बोटं सगळी बदलतात आणि ती खालची तार हाताशी राहत नाही.

उपाय सोपा आहे, गिटारच उतरवा. सहाही तारा अर्धा स्वर खाली, बेसच्या चारही तशाच. काकांची बोटं जिथे होती तिथेच, मोकळी तार मोकळीच, फक्त ऐकू येणार काळी दोन. अर्ध्या स्वराने भागत नसेल तर पूर्ण स्वर उतरवा, पांढरी दोन. वर एक फायदा फुकटात, अर्धा स्वर उतरलं की तारेचा ताण साधारण ११ टक्के कमी होतो, पूर्ण स्वराला २० च्या आसपास. सत्तरीतल्या बोटांना, त्यात सांधे धरलेले असतील तर, हे पहिल्याच गाण्याला कळतं. बारीक तारा असतील तर थोड्या लुळ्या पडून फ्रेटवर खरखरतील, मग एक नंबर जाड सेट घाला. उतरवल्यावर दहा मिनिटं ठेवून परत ट्यून करा, तारा आणि दांडा दोन्ही जागा धरायला वेळ घेतात.

आणि जुना व्हॉल्व्ह अँप (काचेच्या नळ्यांचा अँप्लिफायर) बाहेर काढला असेल तर थेट प्लगमध्ये घालू नका!! इतकी वर्षं आपल्या दमट हवेत पडलेला, आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, सुकलेले असतात. आधी १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावून बघा, बल्ब भगभगून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा. आणि उघडून हात घालायला तर अजिबात जाऊ नका, प्लग काढल्यावरही आत शेकडो व्होल्ट बसलेले असतात. माझा स्वतःचा एक अँप एका दुकानात "सर्व्हिसिंग" करून आणला होता, दुसऱ्याच दिवशी धूर. उघडून बघितलं तर नुसती धूळ पुसलेली.

फोंडेकर_बेसवाल्याचा:
अँप लीडवाल्या काकांचा आहे, माळ्यावर होता, आणि हो, ते परवा थेट लावणार होते. आत्ताच फोन करून थांबवलं. सिरीज बल्ब ऐकल्यावर म्हणाले "हें म्हाका खबर आसा" (हे मला माहीत आहे), पण लावणार होते थेटच.

सॅक्सचं काय पण? अंकल म्हणतात तुम्ही तारा पिळाल, मी काय पिळू?

मडगावची_माई:
सॅक्स टेनर, म्हणजे खालच्या सुराचा मोठा सॅक्स, आहे का? असेल तर अंकलना सांगा हे त्यांच्याच भल्याचं आहे. माझे वडील चर्चच्या संगीत शाळेत सोल्फेज, म्हणजे स्वरलिपी वाचून गायला, शिकलेले, आयुष्यभर टेनर वाजवला आणि आयुष्यभर गिटारवाल्यांच्या नावाने बोटं मोडली. टेनरवाला ऐकू येणाऱ्या स्वरापेक्षा एक स्वर वर लिहून वाजवतो, म्हणजे बँड ई मध्ये असला की त्याच्या वाट्याला एफ शार्प, सहा शार्प, म्हणजे सहा स्वर अर्ध्याने चढे! बँड अर्धा स्वर उतरला की तोच माणूस साध्या एफ मध्ये येतो, फक्त एक फ्लॅट, म्हणजे एकच स्वर अर्ध्याने उतरलेला. पूर्ण स्वर उतरलात तर ई, चार शार्प, तेही आधीपेक्षा बरंच. म्हणून माझं मत अर्ध्या स्वराला. कीबोर्ड कोणी आणणार असेल तर ट्रान्सपोज उणे एक, बटण दाबलं की झालं.

चुलतभावाला उभा करू नका हे मात्र बाबांचं शंभर टक्के खरं. कोंकणी गायिका लोर्ना वीसेक वर्षं गाण्यापासून लांब राहून १९९५ मध्ये परत आली तेव्हा आमच्या घरात सगळे रेडिओला कान लावून होते, आवाज आधीसारखा आहे का असं कोणी विचारलंच नाही, ती गातेय एवढंच पुरे होतं.

ड्रमवाल्या काकांच्या कानाला मशीन आहे का? माझ्या भाचीचं कामच ते, तिने मला सांगितलेलं लिहिते. ती मशीन बोलणं ऐकण्यासाठी बनवलेली असते, मोठा आवाज आला की दाबते, आणि सॅक्सचा लांब धरलेला सूर तिला शिट्टी मारल्यासारखा वाटतो म्हणून तो पण कापते. जिथून घेतली तिथे जाऊन म्युझिकचा वेगळा प्रोग्रॅम मागायचा. आणि बंद गॅरेजमध्ये ड्रम म्हणजे १०० डेसिबल सहज, त्याला जेमतेम पंधरा मिनिटंच सुरक्षित धरतात. दार उघडं ठेवा, भजी बाहेर खा.

शिपवरचा_रिटायर:
लोक रात्री दहानंतर स्पीकर बंद करायला लावतात हे विसरू नका, तुमचा पाऊण तास साडेआठलाच मागून घ्या. जेवण सुरू झालं की कोणी ऐकत नाही. अवघड गाणं तिसरं ठेवा, पहिलं नको, गळा तापलेला नसतो, आणि शेवटचं तर मुळीच नको. काकांना उंच स्टूल द्या पण आधीच स्टेजवर ठेवा, मागून कोणी आणून दिलं तर बसणार नाहीत, आमच्या पिढीचं असंच आहे.

फोंडेकर_बेसवाल्याचा:
अपडेट. काल रविवार होता. तंबोऱ्यावर काका काळी दोनला चार वेळा नीट म्हणाले, पाचव्याला थोडं घसरलं, पांढरी दोनला पाचही साफ. मग तहाची बोलणी. सगळं अर्धा स्वर खाली, आणि ज्या एका गाण्यात फारच वर जायचंय तिथे वरची ओळ काका आणि बाबा दोघांनी मिळून म्हणायची. लीडवाल्या काकांनी तारा उतरवताना तोंड पाडलं होतं. ट्यूनर लावायला नको म्हणाले, मशीन कानापेक्षा शहाणी झाली काय, कानानेच उतरवल्या, मग मी गुपचूप ट्यूनर धरला तर सहाच्या सहा बरोबर. पहिला कॉर्ड मारला, खालची तार घुमली, तसे ते थांबले आणि म्हणाले, अरे ही तर जाड वाजते, चांगली वाजते.

सॅक्सवाल्या अंकलनी एफ मध्ये एक तुकडा वाजवून बघितला आणि सगळ्यांकडे रागाने बघत म्हणाले, "पन्नास वर्सांआदीं हें कित्याक सुचूंक ना रे तुमकां?" (पन्नास वर्षांपूर्वी हे का सुचलं नाही रे तुम्हाला?)

अँप अजून सिरीज बल्बवरच आहे. बल्ब आधी भगभगला, मग मंद झाला. सोल्डरवाला दादा, मंद म्हणजे चांगलं ना?

सोल्डरवाला_म्हापसा:
मंद म्हणजे चांगलं. तरी कपॅसिटर बदलल्याशिवाय लग्नाला नेऊ नका. घेऊन या म्हापशाला, शुक्रवार सोडून कधीही. शुक्रवारी बाजार असतो, गाडी लावायला जागा मिळत नाही.