मदत हवी आहे: हार्ड डिस्कमधले चुंबक पट्टीपासून सुटे कसे करायचे?

भोसरीत आमचं ई-कचरा सुटा करण्याचं छोटं परवानाधारक युनिट आहे. जुन्या हार्ड डिस्कमधले निओडिमियम चुंबक साधारण ४० किलो साठलेत, पण सगळे लोखंडी पट्टीला चिकटलेले. पट्टी व्हाइसमध्ये धरून वाकवली की काही सुटतात. बाकीच्यांचं निकेलचं कवच पापुद्र्यासारखं उडतं आणि आतला ठिसूळ माल चुरा होतो. हा चुरा पेट घेतो, म्हणून ग्राइंडर नकोच. अ‍ॅसिटोनमध्ये रात्रभर ठेवले, गोंद हलला नाही. चुंबकत्व गेलं तरी चालेल, माल धातू काढायलाच द्यायचाय. ३१० अंशांच्या आसपास ते जातंच, पण तेवढ्या उष्णतेत गोंदाचा धूर होतो आणि आमच्याकडे धूर ओढणारी यंत्रणा नाही. त्याहून कमी तापमानात गोंद सैल केल्याचा कोणाला अनुभव आहे का? किती अंश, किती वेळ?