शब्दचर्चा : ख्रिस्ती ज्ञानमीमांसेतील ‘ज्ञान’ आणि ‘मत’

प्रश्न : मध्ययुगीन ख्रिस्ती तत्त्वज्ञानात ‘सायेन्शिया’ आणि ‘ओपिनिओ’ ही लॅटिन जोडी वारंवार येते. त्यांना ‘ज्ञान’ आणि ‘मत’ हे प्रतिशब्द पुरेसे आहेत का? आणि जे सिद्ध करून दाखवता येत नाही ते सगळे मत, असे धरल्यास श्रद्धाही मतातच जमा होते का?

उत्तर : नाही, आणि हाच या चर्चेतला कळीचा मुद्दा आहे. तेराव्या शतकातील ख्रिस्ती तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस यांच्या ‘सुम्मा थिऑलॉजिए’ या ग्रंथात विभागणी दुहेरी नसून तिहेरी आहे. ज्ञानात बुद्धी पुराव्यामुळेच होकार देते, तिला दुसरा पर्याय उरत नाही. मतात ती एका बाजूला झुकते खरी, पण उलट बाजू खरी निघेल ही धास्ती तिच्या मनातून जात नाही. श्रद्धेत पुरावा बुद्धीला बांधून घालण्याइतका नसतो, तरी इच्छाशक्तीच्या निर्णयामुळे होकार पूर्ण असतो आणि ती धास्ती नसते. त्यांच्या आधीच्या शतकातील सेंट व्हिक्टर मठातील विचारवंत ह्यू यांनीही श्रद्धेची जागा मताच्या वर आणि ज्ञानाच्या खाली अशीच सांगितली होती.

मराठीत अडचण अशी की ‘माझे ठाम मत आहे’ हे आपण सहज म्हणतो. अक्वायनस यांच्या अर्थाने मत ठाम असूच शकत नाही. ठाम झाले की ते दुसरे काहीतरी असते. शिवाय एकच विधान एकाच्या बाबतीत ज्ञान आणि दुसऱ्याच्या बाबतीत मत असू शकते. निष्कर्ष बरोबर असूनही तो ज्या दुव्यावरून सिद्ध होतो तो दुवाच ज्याला ठाऊक नाही, त्याच्यापाशी केवळ मत आहे, असे ते स्पष्ट म्हणतात. ‘ईश्वर आहे’ हे विधान युक्तिवादाने सिद्ध होते असे ते मानत. पण ज्याला तो युक्तिवाद झेपत नाही त्याने ते श्रद्धेने स्वीकारण्यास त्यांची हरकत नव्हती. याउलट श्रद्धेच्या कलमांपैकी, म्हणजे धर्माच्या मूळ तत्त्वांपैकी, एक कलम हट्टाने नाकारून बाकीची मान्य करणाऱ्या पाखंडी माणसाजवळ त्या उरलेल्या कलमांबद्दलही श्रद्धा नसते, आपल्या मर्जीने धरलेले मत तेवढे असते. हा निकाल मला फार कडक वाटतो, पण त्यांच्या व्याख्येतून तो सरळ निघतो.

पुरवणी प्रश्न : अक्वायनस यांच्या कितीतरी आधीचे ख्रिस्ती विचारवंत ऑगस्टीन यांच्याकडेही हाच अर्थ आहे का?

उत्तर : तिथे ‘मत’ अधिकच वाईट आहे. विश्वासाच्या उपयुक्ततेवरील छोट्या ग्रंथात ते म्हणतात की आकलन बुद्धीमुळे होते, विश्वास अधिकारवाणीमुळे आणि मत चुकीमुळे. प्राचीन रोमचा राज्यकर्ता सिसेरो याने कटवाल्यांना देहदंड दिला हे आपण मानतो, पण ते आपल्याला माहीत नाही आणि माहीत होणारही नाही, हे त्यांचे उदाहरण आहे. एवढे ओळखून मानले तर तो विश्वास. आपल्याला हे माहीतच आहे असे समजलो तर ते मत. म्हणजे इथे ‘मत’ म्हणजे जे ठाऊक नाही ते ठाऊक आहे असे समजणे, आणि त्यात धास्तीचा मागमूसही नाही. म्हणून ‘मत’ हाच शब्द दोन्हीकडे ठेवावा, परंतु प्रत्येक लेखकाच्या पहिल्या उल्लेखापाशी त्याचा अर्थ सांगावा. ‘सायेन्शिया’ला ‘विज्ञान’ मात्र लिहू नये. त्याने वाचक थेट प्रयोगशाळेत जाऊन पोहोचतो.