वीडन बेकच्या दारूगोळा डेपोची भिंत : तटबंदी म्हणायची का कंपाउंड?

भटक्या_नॉर्थहॅम्प्टन
मंडळी नमस्कार. इथे इंग्लंडात आमच्या जवळच वीडन बेक म्हणून गाव आहे, तिथला जुना लष्करी डेपो बघून आलो. नेपोलियनच्या काळातला, १८०३ च्या कायद्याने जागा घेऊन बांधलेला, लष्कराने १९६५ ला बंद केला. आता आत छोटे धंदे, दुकानं, व्हिजिटर सेंटर असं सगळं आहे पण माझं लक्ष बाहेरच्या भिंतीवरच. चांगली उंच विटांची भिंत, मधेच बुरुजासारखे भाग बाहेर आलेत, आणि पूर्वेकडच्या दरवाजाच्या इमारतीखालून रस्ता नाही तर चक्क कालवा आत शिरतो! कमानीत वरून खाली सोडायचा जाळीचा दरवाजा, पोर्टकलिस. पण मग जंग्या, म्हणजे गोळ्या झाडायची भोकं, कुठायत? तटावरून फिरायची फांजी नाही, खंदक नाही, आणि जाडी बघता तोफेपुढे ही भिंत अर्धा दिवस तरी टिकेल का शंका आहे. मग बुरुज नि पोर्टकलिस काय शोभेला? जाणकारांनी सांगा.

गडवेडा_सातारा
भारी रे भावा, फोटो टाक की. मी असं वाचलंय की नेपोलियन इंग्लंडात उतरलाच तर राजा तिसऱ्या जॉर्जला तिथे नेऊन ठेवायचं होतं, समुद्रापासून लांब म्हणून. त्याच्यासाठी बंगले पण बांधले होते म्हणे. तसं असेल तर तटबंदी हवीच ना.

चुना_आणि_वीट
गडवेडादादा, ती राजाची गोष्ट तिकडे सगळेच सांगतात पण ते बंगले, पॅव्हिलियन म्हणायचे त्यांना, डेपोच्या बड्या अधिकाऱ्यांना राहायला होते. आता पाडलेत. समुद्रापासून लांब हे कारण मात्र खरं, त्यात ग्रँड जंक्शन कालवा शेजारून जातो आणि आजचा ए५ म्हणजे जुना रोमन रस्ता पण तिथूनच. बर्मिंगहॅमच्या बंदुका होडीने आणायच्या, लंडनकडे पाठवायच्या, सगळं सोयीचं.

आता भिंत. आपण सह्याद्रीत फिरणारे लोक, भिंत दिसली की आधी जंग्या शोधतो, पण ही भिंत वेढा झेलायला बांधलेलीच नाही. रॉयल इंजिनिअर्सच्या कॅप्टन रॉबर्ट पिल्किंग्टनने जो आराखडा केला त्यात मुख्य भीती चोरीची आणि आगीची. आत कालव्याच्या दोन बाजूंना चार-चार अशी आठ गोदामं, त्यात बंदुका नि साहित्य. बाहेर आलेल्या भागावरून पहारेकऱ्याला दोन्हीकडची भिंत सरळ लांबपर्यंत दिसते, कोणी शिडी लावली तर लगेच कळतं, तेवढं काम भागलं. आणि कालवा आत येतो म्हणजे भिंतीला भोक पडलंच की, तिथे साधं दार पाण्यात कसं लावणार, म्हणून पोर्टकलिस. होडी आली वर ओढा, गेली की सोडा.

खरी गंमत पश्चिमेला आहे, तिकडे गेलात की नाही? तिथे आणखी एक लॉज, म्हणजे दरवाजाची इमारत, आणखी एक पोर्टकलिस आणि त्यापलीकडे वेगळ्या भिंतीच्या आत बंदुकीच्या दारूची चार कोठारं. दोन कोठारांच्या मधे मातीने भरलेल्या इमारती. एक उडालं तर धक्का आडवा शेजारच्यावर जाऊ नये म्हणून. म्हणजे भिंतीच्या आत भिंत, आणि आतली जास्त महत्त्वाची. होडीने दारू आणायचं कारण पण हेच, खडखडाट नाही, लोखंडी चाकाची ठिणगी नाही.

गडवेडा_सातारा
आयला हे पटलं. सिंहगडावर १७५१ ला वीज पडून दारूकोठार उडालं तेव्हा शेजारचं फडणिसांचं घर गेलं, तिथे मधे असं काही असतं तर... बाकी १८०३ म्हणजे इकडे असईची लढाई, इंग्रजांचा सेनापती वेलस्ली आपल्याकडे लढतोय आणि तिकडे घरी गोदामं बांधायची तयारी 😀

भटक्या_नॉर्थहॅम्प्टन
धन्यवाद चुनाताई (ताईच ना?). पश्चिमेचा भाग लांबूनच पाहिला, परत जायला लागणार. अजून एक, भिंतीत काही ठिकाणी विटांचे तोंडचे पापुद्रे उडालेत आणि बरोबर तिथेच सांधे करड्या रंगाचे कडक दिसतात, बाकी सांधे फिकट आणि नखाने भुगा होतो इतके मऊ. मला वाटलं मऊ तेच खराब.

चुना_आणि_वीट
ताईच 🙂 उलट आहे. मऊ ते मूळ चुन्याचे, वीट ओली झाली की पाणी त्या सांध्यातून बाहेर पडतं. करडं म्हणजे नंतर कोणीतरी सिमेंट भरलंय, मग पाणी विटेतच अडकतं, थंडीत गोठून फुगतं आणि विटेचं तोंड सुटतं. सांधा शाबूत, वीट गेली. आपल्याकडे वाड्यांच्या डागडुजीत पण हेच चालू असतं पण बर्फ नाही म्हणून क्षार बाहेर येऊन तेच काम सावकाश करतात. नखाने उकरू नका मात्र, तो डेपो तिकडच्या संरक्षित इमारतींच्या ग्रेड टू स्टार यादीत आहे. तिकडच्या कायद्यात मूळ इमारत संरक्षित असली की तिच्या आवारातली १ जुलै १९४८ च्या आधीची भिंत पण आपोआप संरक्षणात येते, वेगळं नाव नसलं तरी.

भटक्या_नॉर्थहॅम्प्टन
बरं झालं सांगितलंत, नखं आवरतो. पश्चिमेच्या कोठारांचे फोटो काढले की इथेच टाकतो.