पुआसा : उपवास म्हणायचं की रोजा?

प्रश्न : कामानिमित्त जकार्तात राहते. रमजान तोंडावर आला तेव्हा आमच्या इमारतीत लिफ्टशेजारी फलक लागला, ‘स्लामात मनुनाइकान इबादाह पुआसा’. सहकारीण म्हणाली, पुआसा म्हणजे तुमचाच उपवास. मग आईला फोनवर अर्थ सांगताना ‘उपवास’ म्हणू की ‘रोजा’? आणि इतक्या मुस्लिम वस्तीच्या देशात हा संस्कृत शब्द टिकला कसा?

उत्तर : रोजाच म्हणा. मराठीत उपवास म्हटला की साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, रताळ्याचा कीस डोळ्यांपुढे येतो. रोज्यात सहरी (पहाटेचं खाणं) आटोपली की सूर्यास्तापर्यंत पाण्याचा घोटही नाही.

उत्तर : अर्थासाठी रोजा बरोबर, पण व्युत्पत्ती सोडू नका, ती फार सुंदर आहे. जावानी भाषेत उपवास आणखी झिजून ‘पासा’ झाला (उच्चार ‘पोसो’च्या जवळ जातो) आणि रमजान महिन्याचं जावानी नावच ते आहे.

इंडोनेशियात इस्लाम आधी रुजला तो बंदरांत. १२९२ मध्ये मार्को पोलो उत्तर सुमात्रातल्या पेर्लाकला पोचला, तेव्हा व्यापाऱ्यांच्या सहवासाने शहरातले लोक मुसलमान झाले होते, डोंगरातले नव्हते. जवळच्या पासाईत सुलतान मलिक अस-सालिह याच्या कबरीवर १२९७ सालाची नोंद आहे. त्या राज्याचं दुसरं नाव ‘समुद्र’, आणि सुमात्रा हे बेटाचं नाव त्यावरूनच पडलं. जावात ग्रेसिक बंदराला धर्मप्रसारक मलिक इब्राहिम यांची १४१९ ची कबर आहे, तिचा कोरीव दगड गुजरातेतल्या खंबातच्या घडणीचा.

तोवर संस्कृत शब्द तिथल्या बोलीत कित्येक शतकं मुरलेले होते. लोकांनी धर्म नवा घेतला, पण व्रताला, पापाला, स्वर्गाला जे शब्द तोंडात होते तेच ठेवले. स्वर्ग ‘सुर्गा’, नरक ‘नराका’, पाप ‘दोसा’ (आपला दोष), पुण्य ‘पहाला’ (फल), आणि धर्म म्हणजे ‘आगामा’. मजापाहित या हिंदू-बौद्ध राज्याच्या राजधानीजवळ, त्रोलोयोला, चौदाव्या शतकातल्या मुसलमानांच्या कबरी आहेत. दगडाच्या एका अंगाला अरबी मजकूर, दुसऱ्या अंगाला जावानी आकड्यांत शकाचं वर्ष! मला या सगळ्यात सर्वांत बोलका पुरावा हाच वाटतो. पुढे १६३३ मध्ये जावातल्या माताराम राज्याच्या सुलतान अगुंगने हिजरी चांद्रमास स्वीकारले, पण वर्षाचा आकडा शकाचाच, १५५५ पासून पुढे चालू ठेवला. चांद्रवर्ष लहान असल्यामुळे ती गणना आज आपल्या शकाच्या अकरा-बारा वर्षं पुढे गेली आहे.

यावरून ‘ते मुळात आपलेच’ असा निष्कर्ष मात्र कुणी काढू नये. शब्द आपल्या ओळखीचा असला तरी व्रत त्यांचं आहे, श्रद्धाही त्यांची.

भर : हेच इराणातही घडलंय. कुराणातले शब्द ‘सलात’ आणि ‘सौम’. नमाज आणि रोजा हे दोन्ही फारसी. नमाज म्हणजे संस्कृत ‘नमस्’चा सख्खा भाऊ, आणि रोजा ‘रोज’वरून, म्हणजे दिवस. आपण ‘रोज फिरायला जातो’ म्हणतो त्यातला. म्हणजे जावाने जे उपवासाचं केलं तेच इराणने स्वतःच्या जुन्या शब्दांचं केलं होतं, आणि मराठीत आले ते इराणचे.

एक सावधगिरी : ‘दोसा’चं भाषांतर दोष करू नका. मराठीत दोष पत्रिकेतही असतो आणि कापडातही. तिथे पाप किंवा गुनाह हवं. ‘आगामा’चंही तसंच, आपल्याकडे आगम म्हणजे शास्त्रग्रंथ.

प्रश्नकर्ती : मनापासून आभार. आता फलक पुन्हा वाचला तर स्लामात म्हणजे आपलं सलामत, इबादाह म्हणजे इबादत, दोन्ही अरबी, आणि शेवटी पुआसा. आईला असं सांगितलं : ‘रोज्यांची इबादत सुखरूप पार पडो.’ तिने विचारलं, मग संध्याकाळी ते सोडतात कशावर? खजुरावर, म्हटलं.